बिनवासाचा कागद

कन्नौज, १८ नोव्हेंबर २०२४

उमे,

पळून गेले, पळून गेले, हे तू किती वेळा लिहिणार? पळून जाणारा माणूस पत्ता देतो का? मोसंबीच्या गाडीवर बसून मी कानपूरला गेल्तो, हे खरं. गाडी खाली झाली आन् मी परत त्या गाडीत बसलो न्हाई, हे पण खरं. पण दर महिन्याला पैसे कोण धाडून राह्यलं? पुण्याला होतो तवा म्हणायची, लांब गेले. सुरतेला होतो तवा तेच. आता इथं आहे तर म्हणती, पायाला भिंगरी आहे. बायकोपासून माणूस लांब असला म्हणजे लांबच. त्यात पुणं जवळ आन् कन्नौज लांब असं काही नसतं.

ठरलं काय होतं ते आठव. आपल्या दोन एकरातच राहायचं. ज्वारी आपली, तूर आपली, दूध आपलं, भाजी आपली. दुकानातून फक्त मीठ, चहापत्ती आन् काडीपेटी आणायची. हे तूच बोलली होती. मी म्हणलो, लाइटबिल आन् दवाखान्याला रोकडा लागतो, तो ज्वारीच्या कणसाला येत न्हाई. तवा तू रेशमाचं काढलं. घरच्या घरी अळ्या पाळायच्या, कोष जालन्याला विकायचे. अळ्यांनी घराचा खर्चा उचलला की मी येणार. तवर शेडचे पैसे माझे. मंग आता भांडण कशाचं?

इथलं काम तुला बघायला पाहिजे होतं. तांब्याची मोठी देग असती, आपल्या घरात मावणार न्हाई एवढी. तिच्यात फुलं, मुळ्या, लाकडाचे तुकडे, जे असंल ते टाकून पाणी भरायचं. झाकण मातीनं लिंपायचं. खाली जाळ. वाफ बांबूच्या नळीतून दुसऱ्या भांड्यात उतरती, तिथं चंदनाचं तेल बसलेलं असतंय. ते तेल सगळा वास पिऊन घेतं. त्यालाच अत्तर म्हणतात. माझं काम जाळाचं. जाळ वाढला की वाफ करपती, कमी झाला की झोपती. राधेश्याम चाचा इथले कारागीर आहेत, ते देगीला नुस्ता हात लावून सांगतात किती लाकूड घाल. मला पण थोडं थोडं कळून राह्यलंय. सकाळी धुकं असतं. त्यात वाफ मिसळली की गाव कुठं संपलं आन् देग कुठं सुरू झाली, कळत न्हाई. रोटीला वास, उशीला वास. हा कागद पण माझ्या उशाचाच आहे.

सोबत कापसाचा फाया आहे, केवड्याचा. चाचांनी दिला. म्हणले, घरवालीला धाड. कानात ठेव.

हरिओम

*

केदारखेडा, शेतवस्ती
२ डिसेंबर

अहो,

भांडण मी करत न्हाई, विचारते. विचारलं की तुम्हाला भांडण वाटतं.

लिहा म्हणून मीच सांगितलं, कारण फोन म्हणजे आत्याबाईंचा फोन. तुमच्या आईला कमी ऐकू येतं म्हणून आवाज मोठा लावलेला. तुम्ही विचारता जेवली का, मी म्हणते जेवले, आत्याबाई मधूनच म्हशीचं सांगतात, झालं बोलणं. कागद निदान कुणी मोठ्यानं वाचत न्हाई.

शेड झालं. बांबूच्या मांडण्या कचरू भावजींनी बांधून दिल्या. त्यांच्या शेडात बघून बघूनच मी शिकले. आपल्या बांधाच्या पलीकडं त्यांचं शेत, तरी रोज दोनदा येऊन जातात. दारात चुन्याची पाटी ठेवायला लावली. पाय बुडवूनच आत जायचं. तंबाखू खाऊन जायचं न्हाई, फवाऱ्याच्या कपड्यानं जायचं न्हाई. मी म्हणलं, भावजी, तंबाखू मी कधी खाल्ली? तर म्हणतात, वहिनी, नियम सगळ्याला सारखा.

अळ्या आल्या तवा शेवयाच्या तुकड्याएवढ्या होत्या. आता करंगळीएवढ्या होऊन राह्यल्या. कात टाकायच्या आधी त्या झोपतात. झोपतात म्हणजे डोकं वर धरून गप थांबतात. सगळ्या मांडणीवर हजारो अळ्या, सगळ्यांची डोकी वर, जसं कुणी काही सांगणार आहे आन् ह्या ऐकायला थांबल्यात. त्या दिवशी पाला टाकायचा नसतो. मी पण हळू चालते. मंग उठतात आन् खायला लागतात. तो आवाज ऐकत बसलं की घरात किती काम पडलंय याचा विसर पडतो.

आत्याबाईंना अळ्यांची शिसारी येती, त्या शेडात पाऊल टाकत न्हाईत. म्हणून तुमची पत्रं मी तिथंच वाचते. शेवटच्या मांडणीजवळ पाट टाकलाय. वाचून झालं की पत्र बांबूच्या बेचक्यात खोचून ठेवते. आतापर्यंतची सगळी तिथंच आहेत. पाला टाकता टाकता एखादं परत काढते.

फाया कानात ठेवला. आत्याबाई म्हणल्या, कुणाच्या लग्नाला निघाली का? मी म्हणलं, अळ्यांच्या. तीन दिवस झाले, वास तसाच आहे. केस धुतले तरी आहे.

जाळाजवळ बाह्या वर करून बसत जा.

उमा

*

कन्नौज, १० डिसेंबर

उमे,

तुझं पत्र मी चाचांना वाचून दाखवलं, हिंदी करून. अळ्या डोकं वर धरून झोपतात हे ऐकून त्यांनी हातातलं लाकूड खाली ठेवलं. मंग म्हणले, तेरी घरवाली भी कारीगर है.

आता थंडी पडली. देगीच्या अंगाला पाठ लावून बसलं की डोळे मिटतात. मिटले की मी तिकडंच असतो. विहिरीच्या अंगाला दुधी भोपळ्याचा मांडव घातलेला दिसतो. तू म्हणली होती शेवगा लावू, तो दारात लावलाय. कोंबड्या तुतीच्या पाल्यात शिरून राह्यल्या आन् तू हाकलून राह्यली. म्हशीला आता पारडी आहे, तिचं नाव ठेवायचं राहिलंय. उठून बघतो तर पुढं देग आन् हातात लाकूड. चाचा म्हणतात, तू घरी जाऊन आला का? मी म्हणतो, हो, आत्ताच आलो.

सातवीत मास्तरांनी मला शाळेतून काढलं तवा म्हणले होते, ह्या पोराचं लक्ष खिडकीत असतं. बराबर म्हणले होते. अजून तसंच आहे. खिडकी तेवढी बदलत गेली.

पहिले कोष निघाले की एक मला धाड. पाकिटात बसंल का? नुस्तं हातात धरून बघायचंय. ते जर चांगले विकले, तर गुलाबाचा हंगाम संपला की मी निघालोच. मोसंबीच्या गाडीनं न्हाई, रेल्वेनं. परतूरच्या मामाकडं पण थांबणार न्हाई.

चाचांनी आणखी एक फाया दिला, खसाचा, म्हणजे आपल्या वाळ्याचा. तो पण धाडतो.

हरिओम

*

केदारखेडा
२० डिसेंबर

अहो,

तुमचं पत्र आलं तवा आम्ही खड्डा खणून राह्यलो होतो.

बॅच गेली. शेवटच्या झोपेतून उठल्या तोवर बराबर होत्या. मंग खाईनात. पाला तसाच सुकायला लागला. अळ्या मांडणी सोडून कडेला यायच्या, तोंड फिरवून. दिवसभर उचलून पाल्यावर ठेवायची, परत कडेला. पहिल्यांदा शेवटच्या मांडणीवरच्या गेल्या, मंग तिथून पुढं. चार-पाच दिवसांत शेडात आवाजच राहिला न्हाई.

कचरू भावजींनी पाला बघितला, पाणी बघितलं. त्यांना काही कळलं न्हाई. म्हणले, कुणी हरभऱ्यावर फवारा मारला असंल, वाऱ्यानं आला असंल. खड्ड्यात टाकून वर चुना टाकला. आत्याबाई शेडाच्या दारापर्यंत आल्या, पहिल्यांदाच. मला घरात नेऊन चहा दिला.

कोष पाठवायचा होता. न्हाई पाठवत.

दुसरा फाया फडताळात ठेवलाय. आत्ता कानात ठेवावा वाटत न्हाई.

उमा

*

कन्नौज, ३० डिसेंबर

उमे,

हरभरा कुणाचा आहे बांधाला? कचरूचाच ना? मंग फवारा कुणाचा असणार? एवढं साधं तुझ्या ध्यानात कसं आलं न्हाई?

रोज दोनदा येऊन जातो म्हणे. कशाला येतो? त्याचं शेड गावात एकटं होतं, आता दुसरं झालं. तुला शिकवायचं आन् वाऱ्याच्या दिवशी फवारा मारायचा. लहानपणी गोट्या खेळताना पण तो असाच होता, स्वतः हरला की रेघ पुसायचा. मी त्याला पत्र लिहिलंय. जे लिहायचं ते लिहिलंय. त्याच्या बापाचं पण काढलंय. तो विचारायला आला तर सांग, हरिओमनं बराबर लिहिलं.

आन् तू आता हे बंद कर. मांडण्या मोडून सरपणाला घे. मी इथं आहे तवर पैसे येत राहतील. चाचा म्हणतात तुझा हात बसायला लागला. मालक पण पगार वाढवतो म्हणला. मी दोन वर्षं इथं राहतो, तीन राहतो. घर चाललं म्हणजे झालं. सगळं घरी पिकवायचं, घरीच कमवायचं, हे देगीला टेकून डोळे मिटले की बरं दिसतं. डोळे उघडल्यावर न्हाई.

पैसे पुढच्या आठवड्यात टाकतो.

हरिओम

*

केदारखेडा
१२ जानेवारी २०२५

अहो,

तुम्ही हे काय केलं?

कचरू भावजी तुमचं पत्र घेऊन आले. ओट्यावर बसले. मला वाटलं आता भांडणार, मी दारातच उभी राहिले. त्यांनी चहा मागितला. चहा पिता पिता पत्र परत वाचलं, आत्याबाईंना पण थोडं वाचून दाखवलं, त्यांच्या वडिलांचं होतं तेवढं सोडून. आत्याबाई म्हणल्या, माझ्या पोराला अक्कल न्हाई, तू मनावर घेऊ नको. ते म्हणले, काकू, मी मनावर न्हाई घेतलं, नाकावर घेतलं. आन् तो कागद नाकाजवळ धरून बसले.

मंग मला विचारलं, वहिनी, ह्याची पत्रं तुम्ही वाचता कुठं?

मी सांगितलं.

ठेवता कुठं?

ते पण सांगितलं. कानातल्या फायाचं सांगायला लाज वाटली, पण सांगितलं.

ते कपाळाला हात लावून हसायलाच लागले. म्हणले, तंबाखूचं सांगितलं, फवाऱ्याचं सांगितलं, अत्तराचं सांगायचं माझ्या डोक्यात आलं न्हाई. आपल्या गावात अत्तर लावतंय कोण? अळीला वास बिलकुल चालत न्हाई. उदबत्ती चालत न्हाई, साबणाचा वास चालत न्हाई. आन् तुम्ही केवडा घेऊन मधी बसल्या.

शेवटच्या मांडणीवरच्या आधी गेल्या, हे मी माझ्याच हातानं तुम्हाला लिहिलं होतं. पत्रं तिथंच खोचलेली होती. मी तिथंच बसायची. पाला दुसऱ्या हातानं टाकायची, एका हातात तुमचं पत्र.

फवारा कुणीच मारला नव्हता. हरभऱ्याला औंदा कीडच न्हाई.

जाताना भावजी म्हणले, हरिओमला लिहा, पुढच्या शिव्या बिनवासाच्या धाड. त्यांनी हसण्यावर नेलं, पण त्यांची बायको माझ्याशी बोलत न्हाई. ते तुम्हाला निस्तरायचंय, मला न्हाई.

मांडण्या मोडणार न्हाई. आठ दिवस दारं उघडी टाकून, चुना मारून शेड धुतलं. तुमची पत्रं पत्र्याच्या डब्यात घालून कचरू भावजींच्या लिंबावर टांगलीत, दोन्ही शेडांच्या वाऱ्याला न येतील अशी. वाचायची झाली की बांध ओलांडून जाते. फेब्रुवारीत दुसरी बॅच घेते.

एक विचारायचं राहिलं. कागदाला एवढा वास, तर तुमच्या अंगाला किती असंल? तुम्ही आले तरी शेडात तुम्हाला घेता येणार न्हाई. तुम्ही दोन-तीन वर्षं राहतो म्हणता. मंग तर न्हाईच.

उमा

*

कन्नौज, २ फेब्रुवारी

उमे,

कचरूला वेगळं पत्र टाकलंय. ते चाचांच्या पोराकडून बाजारातून कागद आणून, पोस्टातच उभा राहून लिहिलं. हे पण तसंच लिहून राह्यलो. शाईचा पेन दोरीला बांधलेला आहे, जास्त लिहिता येत न्हाई.

मी माझा हात हुंगून बघितला. मला काहीच येईना. मंग चाचांना विचारलं, चाचा, माझ्या अंगाला वास येतो का? ते म्हणले, कुणाला विचारतोस? चाळीस वर्षं झाली, मला कशाचाच येत न्हाई, नुस्ता अत्तराचा येतो, तो पण कळतो म्हणून. त्यांची बायको वारली तवा तिच्या साडीला तिचा वास शोधला म्हणे. गुलाबाचा आला.

राखेनं अंग घासलं. सोड्यानं घासलं. रस्त्यानं चाललो की पोरं मागं वळून बघतात.

आता गुलाब सुरू होतील. उजाडायच्या आत पोती येतात, उन्हाच्या आधी देगीत पडली पाहिजेत. वर्षाची खरी कमाई ह्याच दोन महिन्यांत. मालकानं सांगितलं, एक देग तुझ्या हाताखाली देतो. मला. सातवी नापासाला. आजपर्यंत कुणी माझ्या हाताखाली बकरी पण दिली न्हाई.

अळ्यांना त्रास नको, म्हणून पत्र आता टाकत न्हाई. आईच्या फोनवर जेवली का विचारीन. हो म्हण.

हरिओम

*

केदारखेडा
२० मार्च

अहो,

हो, जेवले. सात वेळा फोनवर विचारलं, सात वेळा सांगितलं.

बॅच निघाली. खाऊन खाऊन अळ्या पिवळसर काचेसारख्या झाल्या, उजेडासमोर धरली तर आरपार दिसावी अशा. मंग चंद्रिकेवर सोडल्या. चंद्रिका म्हणजे कोष विणायची जाळी. दोन दिवसांत सगळ्या स्वतःला गुंडाळून आत गेल्या. शेडात बसले तर आजूबाजूला नुस्ते पांढरे कोष आन् आत काम चाललेलं. आत्याबाई पण येऊन बसल्या. त्यांची शिसारी गेली. म्हणल्या, ह्यांचं बरंय, घर बांधायला कुणाला विचारावं लागत न्हाई.

कचरू भावजींच्या गाडीत जालन्याला नेले. भाव बरा लागला. लाइटबिल भरलं, आत्याबाईंच्या डोळ्याचं औषध आणलं, दुकानाची उधारी मिटवली, आन् पुढच्या बॅचचे बाजूला काढले. तुमचे ह्या महिन्याचे पैसे तसेच पडून आहेत. मेथी, वांगी, टमाटे घरचेच. एक गोणी ज्वारी जास्तच आहे. दुकानात गेले तर मीठ, चहापत्ती, काडीपेटी. दुकानदार म्हणला, बस, एवढंच?

म्हणून आता लिहिते ते नीट वाचा. पैशासाठी तुम्ही तिकडं थांबायची गरज राहिली न्हाई. आतापर्यंत तुम्ही म्हणायचे शेडासाठी, मी म्हणायची जाऊ द्या, पैसा लागतोच. आता दोघांना पण असं म्हणता येणार न्हाई. देग आवडत असंल तर देगीसाठी थांबा, मी रागावणार न्हाई. तुमच्या हाताखाली पहिल्यांदा कुणी काही दिलं, हे मी परत परत वाचलं, कचरू भावजींच्या लिंबाखाली बसून. पण यायचं असंल तर राहायला या. चार महिन्यांनी मोसंबीची गाडी दिसली आन् पाय वळवळले, असं असंल तर येऊ नका. मला घरात पाहुणा नको. दोन एकराला पण नको.

सोबत एक कोष आहे. पाकिटात बसला, थोडा दबला.

उमा

*

कन्नौज, शीतगृह
३० मार्च

उमे,

पत्ता बघून घाबरू नको. परत पळालो न्हाई. देग सोडली, गाव तेच आहे.

दहा मार्चलाच सोडली. तुझं पत्र यायच्या आधी. गुलाबाची पोती येऊन पडली होती, गल्ली सगळी गुलाबी. मी जाळ लावला, झाकण लिंपलं, पहिली वाफ उतरताना बघितली. देग माझी होती. चांगली उतरली. दुसऱ्या दिवशी चाचांना सांगितलं. ते म्हणले, अब हाथ बैठा है तो जाएगा? मी म्हणलो, चाचा, अळ्यांना मी चालत न्हाई. ते हसले न्हाईत. देगीला हात लावून बसले, मंग म्हणले, जा, पण सीधा घरी जाऊ नको. हा वास एक-दोन दिवसांत सुटत न्हाई.

म्हणून इथं बटाट्याच्या शीतगृहात लागलो. ह्या भागात बटाटा लई होतो, आत्ता सगळा आत भरून राह्यलेत. आत एवढी थंडी की तोंडातून वाफ येती. वाफेपासून माझी सुटका न्हाई. कपडे सगळे बदलले, जुने एका भिकाऱ्याला दिले, तो आता अत्तर लावून भीक मागतो. दिवसभर गोण्या, माती, बटाटे. हरदोईचा एक गडी माझ्या बरोबर आहे. पहिल्या दिवशी मला हुंगून म्हणला, कोई दूल्हा आ गया. मी रोज त्याला विचारतो. आठ दिवसांपूर्वी म्हणला, थोडा थोडा. काल म्हणला, आलू.

हे पत्र त्यानं आणलेल्या कागदावर आहे, माझ्या खोलीत आलेलं न्हाई. तरी आधी कचरूला दे हुंगायला. त्याला म्हणावं, शिव्या न्हाईत ह्यात. आल्यावर पयले त्याच्याच घरी जाणार, वहिनीच्या हातचं पाणी मागणार. तिनं न्हाई दिलं तर ओट्यावर बसून राहणार.

पाय वळवळणार न्हाईत असं मी लिहून देत न्हाई. लिहून दिलं तरी तू खरं धरणार न्हाई. पण इथून रोज गाड्या भरून जातात, कलकत्त्याला, आसामला. ड्रायव्हर लोक विचारतात, चलना है क्या. आसाम मी बघितलेलं न्हाई. एकदा तर फळीवर पाय पण ठेवला होता. मंग गाडी निघून गेली, धूळ बसली, आन् मी पुढची गोणी उचलली. का बसलो न्हाई, ते मला बराबर सांगता येत न्हाई. तुझा कोष तवा खिशात होता, पण त्याच्यामुळं असं पण न्हाई. मला नुस्तं वाटलं, की आसाम राहू दे.

आल्यावर मला लगेच शेडात घेऊ नको. मी तुती कापून दारापर्यंत आणून टाकीन. बाहेरून आवाज ऐकीन. झोपायला गोठ्यात चालंल, म्हशीला चालत असंल तर. कचरू म्हणला की आता हरकत न्हाई, तवा चुन्यात पाय बुडवून येतो.

पुढच्या सोमवारी निघतो. आईच्या खात्यावर पैसे टाकलेत. आतापर्यंत दर वेळी कुठून कुठं जायची पाळी येईल म्हणून भाड्याचे थोडे मागं ठेवायचो, तुला ते कधी सांगितलं न्हाई. ह्या खेपेला जालन्यापर्यंतचं तिकीट काढलं आन् मागं काही ठेवलं न्हाई. खात्यावर टाकले ते सगळे मिळून अकरा हजार तीनशे साठ रुपये.

हरिओम